सनमायकाखालचे लाकूड

आमचे जुने घर पाडून तेथे इमारत उभी करायची असे २०२३ साली ठरले, तेव्हा आम्हा चार भावांत वाटणीवरून वाद झाला नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. वसईत आता ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी झाली आहे. जमीन, बावीकडची नारळाची झाडे, आईचे दागिने, भिंतीवरची पवित्र हृदयाची तसबीर, सगळ्यांची विल्हेवाट दोन संध्याकाळी बसून लागली. अल्तार थोरल्याकडे जाणार हे तर न बोलताच ठरलेले होते. सारे अडले ते एका कपाटापाशी. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, वीस इंच खोल, आणि इतके जड की चौघांनी मिळून ते कधी जागचे हलवल्याचे मला आठवत नाही. ते कोणालाच नको होते आणि विकून टाका असे म्हणायला कोणाची जीभही रेटत नव्हती. अखेर सर्वांची नजर माझ्याकडे वळली. ते साहजिकच होते. त्या कपाटाची जी काही दशा झाली होती, ती मी केली होती.

ते कपाट १९६१ सालचे. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. बाबांनी वाड्याकडून सागाचे दोन ओंडके आणले होते. ते आधीची दोन वर्षे वाडीत, खाली विटा लावून पडून होते. मग दोन माणसे आली आणि एक वर, एक खाली उभे राहून मोठ्या करवतीने त्यांच्या फळ्या पाडून गेली. त्या फळ्याही लगेच वापरल्या नाहीत. प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये काठ्या सारून त्या माळ्यावर रचून ठेवल्या, म्हणजे चहूबाजूंनी वारा लागतो. ‘लाकूड पुरते सुकल्यावाचून त्याला हात लावू नये, नाहीतर ते पुढे आपल्याला हवे तसे वाकते,’ असे बाबा म्हणायचे. आम्हा मुलांना त्या फळ्यांचे आकर्षण एवढेच की माळ्यावर त्यांच्या आड लपता येई.

पाऊस उघडला आणि सुतारमामा आले. ते आमच्या समाजाचे नव्हते. पलीकडच्या गावचे हिंदू. त्यांना आम्ही मामा का म्हणत असू हे ठाऊक नाही, पण आई त्यांना दादा म्हणे, त्यामुळे ते ओघानेच आमचे मामा झाले असावेत. बाबांना ते ‘भाऊ’ म्हणत. पडवीच्या पूर्वेकडच्या टोकाला त्यांनी आपले बस्तान मांडले ते थेट उपवासकाळापर्यंत. सकाळी आठाला येत, दुपारी आमच्याकडेच जेवत, आणि दिवे लागणीला हत्यारे पोत्यात गुंडाळून ठेवून घरी जात. रोज साडेचार रुपये. आज हा आकडा हास्यास्पद वाटतो, पण केळीच्या आणि पानवेलीच्या उत्पन्नावर सहा माणसांचे घर चालवणाऱ्या बाबांना तो जड होता. महिनाअखेरीस त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मला आठवतात. मात्र ‘मामा, जरा लवकर उरका’ असे ते एकदाही म्हणाले नाहीत.

करवत, वाकस, रंधा, पटाश्यांचा जुडगा, गिरमिट, मोगरी आणि गुण्या. जवळजवळ एवढ्याच हत्यारांवर त्यांनी साडेचार महिने काम केले. शाळेतून आल्यावर मी त्यांच्यासमोर उकिडवा बसून राहत असे. रंध्याच्या तोंडातून निघणारी लाकडाची पातळ, वळलेली साल हातात धरून उजेडाकडे पाहण्याचा मला नाद होता. मामा बोलत कमी. पण एकदा त्यांनी मला दाराच्या चौकटीत फळी कशी बसवतात ते दाखवले होते आणि ते मी विसरलो नाही. दाराची उभी-आडवी चौकट एकमेकींत कुसू घालून जोडायची. एका लाकडाला चौकोनी भोक, दुसऱ्याच्या टोकाला त्यात नेमके बसेल असे कुसू, आणि दोहोंतून आरपार एक लाकडी खुंटी. पण त्या चौकटीच्या आतली फळी मात्र नुसती खाचेत सरकवायची. तिला ना सरस लावायचा, ना खिळा मारायचा. मला वाटले, मामा विसरले. तेव्हा ते म्हणाले, “पावसात ती फुगते, उन्हात आकसते. तिला जागा ठेवली नाही तर ती चौकट तरी फोडेल, नाहीतर स्वतः तरी फाटेल.” लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, रुंदीत बदलते. कोकणपट्टीसारख्या दमट मुलुखात चार महिने पाण्यात आणि आठ महिने उन्हात काढणाऱ्या घरात तर ते पुष्कळच बदलते. ही गोष्ट पुढे मी पुस्तकात वाचली तेव्हा मला नवी वाटली नाही.

ड्रॉवरच्या कोपऱ्यांना त्यांनी पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दात पाडून ते एकमेकांत अडकवले होते. ड्रॉवर कितीही जोराने ओढला तरी पुढची पट्टी हातात येत नाही, याचे कारण ते दात. संपूर्ण कपाटाला खिळा असा नव्हता. लोखंड म्हणजे काय ती बिजागऱ्या आणि कुलूप यांचे. शेवटी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, फडक्याच्या बोळ्याने, एकावर एक कितीतरी हात देऊन त्यांनी पॉलिश केले. आठ दिवस घरभर त्या स्पिरिटचा वास होता आणि आई जेवण बाहेरच्या चुलीवर करीत होती.

कपाट झाल्यावर उरलेल्या काळात मामांनी अल्तार केला. त्याचे लाकूड सागाचे नव्हते, आमच्याच वाडीत वादळाने पडलेल्या फणसाचे होते. ताजे कापलेले फणसाचे लाकूड हळदीसारखे पिवळे असते; वर्षे जातात तसे ते काळवंडत तांबूस-तपकिरी होत जाते. मामांनी त्यापूर्वी देव्हारे पुष्कळ केले होते, अल्तार एकही केला नव्हता. ते काम काढले त्या दिवसापासून त्यांनी चपला पडवीच्या पायरीखाली काढून ठेवल्या, हे आईने पाहिले आणि आम्हाला सांगितले. बाबांनी त्यांना नमुना म्हणून प्रार्थनापुस्तकातले एक चित्र दिले. त्यात दोन्ही खांबांवर द्राक्षवेल होती. मामांनी द्राक्षाचा वेल उभ्या आयुष्यात पाहिलेला नव्हता. त्यांनी दोन दिवस ते चित्र निरखले, मग कुंपणावरच्या तोंडलीच्या वेलाकडे जाऊन बसले. आमच्या अल्तारावरची द्राक्षे द्राक्षांसारखी आहेत. पाने मात्र उघड उघड तोंडलीची आहेत. आणि माथ्यावर, क्रुसाच्या खाली, कोणी सांगितलेले नसताना एक कमळ आले आहे. त्या काळी घरी आशीर्वाद द्यायला आलेल्या फादरांनी ते कमळ पाहून क्षणभर भुवया उंचावल्या आणि मग हसून पवित्र पाणी शिंपडले.

हे काही आमच्याच घरी घडले असे नाही. पोर्तुगीज येथे आले तेव्हा त्यांना मेज-खुर्च्या, पलंग, शिसवीच्या पट्ट्या आणि हस्तिदंत जडवलेली, अनेक खणांची कपाटे हवी होती. आणि ती करून देणारे हात येथलेच होते. सोळाव्या-सतराव्या शतकांतले गोव्याकडचे हे लाकूडकाम आज युरोपातल्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहे. त्यांतल्या काही खणांच्या कपाटांचे पाय पाहावेत. वर स्त्री आणि खाली मासा किंवा नाग अशा आकृत्या ते कपाट डोक्यावर तोलून उभ्या असतात. मागणाऱ्याच्या मनात एक आकृती होती, करणाऱ्याच्या बोटांत दुसरी होती. लाकडात दोन्ही उतरल्या. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तेथे गेलो असता मला पदोपदी आमची तोंडलीची पाने आठवत होती. आमच्या वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोन शतकांच्या वर होता. किल्ला ओस पडला, पण शब्द राहिले. अलमारी त्यांची, चावी त्यांची, बिजागरी त्यांची, आणि कपाट करणारा मिस्त्रीसुद्धा त्यांच्याच भाषेतून आलेला. आपण घराला कुलूप लावतो तेव्हा चावी आपली नसते, ही गंमत आपल्या ध्यानातही येत नाही.

आता मी केलेल्या गोष्टीकडे येतो. इतका वेळ इकडेतिकडे फिरत राहिलो याचे कारण वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

१९८२ साली माझे लग्न ठरले. मी मुंबईत नोकरीला होतो, रोज गाडीने जात-येत होतो, आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांच्या घरी नवे फर्निचर पाहत होतो. गुळगुळीत, चकचकीत, ओल्या फडक्याने पुसता येणारे. आमच्या घरातले ते काळपट कपाट मला एकाएकी दरिद्री वाटू लागले. पॉलिश ठिकठिकाणी विटले होते, हाताळून हाताळून मुठीभोवती काळा डाग पडला होता. मुलीकडची माणसे घर पाहायला येणार होती. मी बाबांना म्हटले, “कपाटाला सनमायका लावून घेऊ या.” बाबांनी विचारले, “कशाला?” मी म्हणालो, “बरे दिसेल.” ते यावर काही बोलले नाहीत आणि मी ते मौन संमतीचे आहे असे धरून चाललो. पंचवीस-तीस वर्षांच्या मुलांना बापाच्या मौनाचा सोयीस्कर अर्थ फार लवकर कळतो.

दोन कारागीर आले आणि दोन दिवसांत काम झाले. दारांच्या चौकटी उंच आणि आतल्या फळ्या खोलगट असल्यामुळे त्यावर सपाट काही चिकटणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी आधी दोन्ही दारांवर पातळ प्लायवूड ठोकला. ठोकला म्हणजे खिळ्यांनी. सरस धरावा म्हणून चौकटीवरचे पॉलिश खरवडून काढले आणि करवतीच्या पात्याच्या तुकड्याने आडवेतिडवे ओरखडे ओढले. तो आवाज मी ऐकला होता. मी तेव्हा पडवीत आमंत्रणपत्रिकांवर पत्ते लिहीत होतो. मग वर सनमायका चढला, बदामी रंगाचा, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेल्या.

हा पदार्थ मुळात घरासाठी निघालेलाच नव्हे. अमेरिकेत १९१२-१३ च्या सुमारास विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरता येईल असे काहीतरी स्वस्त हवे होते, त्यातून तो जन्मला. फॉर्मायका हे तिकडचे नाव ‘अभ्रकाऐवजी’ याच अर्थाचे. आपल्याकडच्या सनमायकातही तेच अभ्रक डोकावते. कागदाचे थर राळेत भिजवून, उष्णता आणि दाब देऊन त्यांचा टणक पत्रा करायचा आणि सर्वांत वर हवे ते चित्र छापलेला कागद ठेवायचा. वाईट वस्तू नव्हे. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ, उपाहारगृहाच्या मेजावर तिला तोड नाही. पण मी केले ते असे की, अस्सल सागाच्या कपाटावर सागाचे चित्र चिकटवले, आणि त्याचे पैसेही मोजले.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात बाबांनी त्या कपाटातल्या आपल्या वस्तू बाहेर काढल्या. जमिनीचे कागद, आजोबांची रोजरी, चष्म्याची जुनी घरे, आमची बाप्तिस्म्याची प्रमाणपत्रे. त्या सगळ्या त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत भरल्या आणि ती पेटी आपल्या खाटेखाली सारली. विचारल्यावर म्हणाले, “तुमच्या कपड्यांना जागा होईल.” त्यानंतर चौदा वर्षे ते जगले. त्या कपाटात त्यांनी पुन्हा काही ठेवल्याचे मला स्मरत नाही.

लग्नाला सुतारमामा आले होते. सत्तरीला टेकले होते, एका डोळ्याला मोतीबिंदू. जेवण झाल्यावर ते कोणाला न विचारता माजघरात गेले. आपण केलेली वस्तू पाहावी असे कारागिराला वाटणारच. मी त्यांच्यामागून गेलो, कारण पाहुणे त्या खोलीत होते आणि म्हातारा कोणाला तरी धडकेल अशी मला धास्ती वाटली. ते कपाटासमोर उभे राहिले. दाराच्या कडेवरून अंगठा वरून खाली फिरवला. मग म्हणाले, “चिकटवलंय चांगलं.” आणि मला प्यायला पाणी मागितले. मी पाणी आणेपर्यंत ते पडवीत येऊन बाबांजवळ बसले होते आणि दोघे केळीच्या भावाबद्दल बोलत होते. पुढच्या वर्षी ते वारले.

त्या काळाचा तो रोग होता, असे म्हणून मी कधी कधी स्वतःची समजूत घालतो, आणि ते अगदीच खोटे नाही. व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली. वेदी लोकांच्या जवळ आली, मराठीतून मिस्सा सुरू झाली, आणि ते उत्तम झाले. पण त्या उत्साहात कित्येक ठिकाणी मागचे जुने लाकडी कोरीवकाम काढून टाकले गेले. कोणी ते जळणाला वापरले, कोणी व्यापाऱ्यांना दिले. तसे करा असे परिषदेने कुठेच म्हटले नव्हते. जुने ते अंधारे आणि नवे ते स्वच्छ, असे आपणच ठरवून टाकले होते. आमच्या घरात त्या लाटेतून अल्तार वाचला तो केवळ आईमुळे. सनमायकाचे कारागीर उरलेला तुकडा घेऊन त्याच्याकडे वळले, तेव्हा ती हातात पळी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली होती.

कपाटाचे पुढे काय झाले ते सुतारमामांनी मला सात वर्षांचा असतानाच सांगून ठेवले होते. तिसऱ्या पावसाळ्यात दाराच्या खालच्या अंगाला प्लायवूड फुगला, त्याचे पापुद्रे सुटले, आणि वरचा सनमायका कपाळावर टेंगूळ यावे तसा उचलला गेला. कडेचा एक तुकडा तुटला. तो मी रबराच्या सोल्युशनने चिकटवला. तो पुन्हा तुटला. बाबा जाता जाता पाहायचे. एकदाच म्हणाले, “दाराला पाऊस लागला.” १९९६ साली ते गेले. शवपेटी तयार विकत आणली होती. पातळ फळ्यांची, वर काळे कापड खिळ्यांनी ठोकलेली. मला त्या क्षणी सुतारमामा आठवले आणि मग पुष्कळ वर्षे आठवले नाहीत.

संत योसेफाचा श्रमिक म्हणून १ मे रोजी सण १९५५ साली पोप पायस बारावे यांनी सुरू केला. दर वर्षी त्या दिवशी आपण श्रमप्रतिष्ठेवर प्रवचन ऐकतो आणि घरी येऊन गवंड्याशी वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. आपल्या मूर्तींत त्याच्या हाती बहुधा लिलीचे फूल असते, रंधा क्वचित. नासरेथच्या लोकांनी आपल्या गावच्या सभास्थानात येशूला ऐकून नाके मुरडली ती याच कारणाने, की हा तर आपल्यातला सुतार. संत मार्कने ते तसे नोंदवले आहे; संत मत्तयाने ‘सुताराचा मुलगा’ असे म्हटले आहे. पण मला त्याहून जवळचे वाटते ते दुसऱ्या शतकातल्या संत जस्टिनने लिहून ठेवलेले: येशू नांगर आणि जोखडे करीत असे. म्हणजे देव्हारे नव्हेत, सिंहासने नव्हेत, तर शेतकऱ्याच्या रोजच्या वस्तू. जोखड बैलाच्या मानेला कुठे काचते हे ज्याला पटाशी धरून शिकावे लागले, त्यानेच पुढे आपले जू सोयीचे आहे असे म्हटले, आणि मूळ ग्रीक शब्दात ‘नीट बसणारे’ असा अर्थ आहे असे जाणकार सांगतात. हे वाक्य प्रवचनकाराच्या तोंडचे कमी आणि कारागिराच्या तोंडचे जास्त वाटते.

तर २०२३ साली कपाट माझ्याकडे आले. माझ्या मुलाने चौथ्या मजल्यावर घर घेतले होते आणि त्याची अंतर्गत सजावट चालू होती. या नव्या सजावटीला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. सुनेने मला आराखडा समजावून दिला. भिंतीत भिंत होऊन बसणारी कपाटे, सरकती दारे, म्हणजे दार उघडायला जागा लागत नाही. आत हँगरसाठी दोन फूट खोली, चपलांना खालचा कप्पा, अंथरुणाला वरचा. दहा बाय अकराच्या खोलीत दोन माणसे आणि एक मूल राहायचे तर हेच शहाणपणाचे. आमच्या कपाटाची खोली वीस इंच, त्यात सुनेच्या साड्या हँगरला लावल्या असत्या तर दार लागले नसते. प्लायवूडही मला आता तितका परका वाटत नाही. लाकडाचे पातळ थर, एकाच्या रेषा उभ्या तर पुढच्याच्या आडव्या, असे चिकटवले की प्रत्येक थर दुसऱ्याचे फुगणे अडवतो. सुतारमामांनी फळीला जागा ठेवून जे साधले तेच येथे थरांना एकमेकांशी बांधून साधले आहे. चांगल्या प्रतीचा असेल तर तो टिकतो. भुसा दाबून केलेल्या फळ्यांविषयी मात्र मी गप्प राहणे बरे. त्यांना एकदा पाणी लागले की त्यांचे काय होते ते ज्याने त्याने आपापल्या स्वयंपाकघरात पाहिलेले आहे.

प्रश्न जागेचा नव्हता. मुलगा म्हणाला, “पप्पा, तुमच्या खोलीत ठेवू या, पण ते वर न्यायचे कसे?” उद्वाहनात ते मावणार नव्हते आणि जिन्याच्या वळणावर फिरणार नव्हते. जोगेश्वरीहून जुन्या फर्निचरचा एक व्यापारी येऊन गेला. त्याने सनमायकाचा उचकटलेला कोपरा नखाने वर केला, आत डोकावला आणि एकदम आवाज बदलून भाव सांगितला. त्यावरूनच आम्हाला कळले की आत काहीतरी आहे.

मुलाच्या घरी काम करणारा सुतार राजस्थानचा. वय तीसच्या आत, हातात विजेवर चालणारी हत्यारे, खिशात मोबाईल. त्याला सनमायका काढायला आणला. प्लायवूड कुजलेलाच होता, तो हाताने सुटून आला. आणि दाराच्या आतल्या फळ्या दिसल्या. चौकटी खरवडलेल्या, ओरखड्यांनी भरलेल्या, खिळ्यांनी छिद्रे पडलेल्या. पण खोलगट फळ्यांना प्लायवूडचा स्पर्शच झालेला नव्हता. एकेचाळीस वर्षे त्या अंधारात होत्या. त्यांवर सुतारमामांचे १९६१ सालचे पॉलिश जसेच्या तसे होते, तांबूस, खोल, खिडकीचा उजेड त्यात दिसत होता. माझा धाकटा भाऊ खिशातून रुमाल काढून चष्मा पुसू लागला. मी पुसला नाही, कारण माझी नजर चौकटीवर होती. ओरखडे ताजे दिसत होते. कोणी सकाळीच ओढावेत तसे.

तो मुलगा कपाटाभोवती दोनदा फिरला. मागे जाऊन बोटांनी काहीतरी चाचपले. म्हणाला, “अंकल, इसमें तो कील ही नहीं है।” मग त्याने माझ्याकडे मोगरी मागितली. ती कुठे असणार? शेवटी आईचा मसाला कांडायचा लाकडी दस्ता दिला. माथ्याच्या मुकुटाखाली, दोन्ही बाजूंना, चार-चार खुंट्या होत्या. इतरांसारख्या त्या घासून सपाट केलेल्या नव्हत्या. किंचित बाहेर होत्या. आम्ही त्यांना आजवर नक्षी समजत होतो. त्याने एकेक खुंटी मागून ठोकून बाहेर काढली, मुकुट उचलला, आणि अर्ध्या तासात ते सबंध कपाट दोन बाजू, पाठ, तळ, दारे आणि खण असे जमिनीवर निजवले. एक टवकाही उडाला नाही. तेव्हा मला आठवले की आमच्या माजघराचे दार जेमतेम अडीच फुटांचे होते. मामांनी कपाट पडवीत बनवले आणि आत नेऊन जोडले होते. ते पुन्हा कधीतरी बाहेर न्यावे लागेल, याची सोय त्यांनी त्याच वेळी करून ठेवली होती. आम्ही चौघे भाऊ ते करवतीने कापावे की काय यावर बोलत होतो.

सुताराने विचारले, ओरखड्यांचे काय करायचे. दीड सूत रंधा मारला तर जातील, पण चौकट तेवढी बारीक होईल. मी म्हटले, “मार.” मला ते पुसून हवे होते, हे कबूल करतो. त्याने विजेचा रंधा बाजूला ठेवला आणि हातरंधा घेतला. जुन्या लाकडात एखादे खिळ्याचे टोक राहिले असेल तर पाते जाईल, म्हणाला. ओरखडे गेले. खिळ्यांच्या छिद्रांत त्याने सागाच्याच बारीक चिपा बसवल्या. त्या जवळून पाहिल्या तर कळतात. खालच्या बिजागरीपाशी रंधा पोचत नव्हता, तेथे तीन-चार रेघा तशाच राहिल्या आहेत. “ये भी निकाल दूँ?” त्याने पटाशी उचलून विचारले. बिजागरी सोडवावी लागली असती. दुपार झाली होती, तो जेवला नव्हता. मी नको म्हणालो.

आता कपाट माझ्या खोलीत आहे. बाबांची पत्र्याची पेटी रिकामी करून त्यातले कागद आणि रोजरी मी वरच्या खणात ठेवली आहेत. अल्तार थोरल्याकडे, दोन इमारती सोडून. चौथ्या मजल्यावरही पावसाळ्यात लाकडाला कळायचे ते कळतेच. जूनच्या अखेरीस खालचा ड्रॉवर अडू लागतो. यावर बाबांचा एक उपाय होता. अल्तारावर जळून उरलेल्या मेणबत्त्यांचे बुडखे ते जपून ठेवत आणि ड्रॉवर बाहेर काढून त्याच्या दोन्ही कडांना घासत. मी थोरल्या वहिनींकडे निरोप धाडला. त्यांनी नातवाबरोबर एका डबीत पाच-सहा बुडखे पाठवले, आणि विचारले की एवढे पुरतील का.